नाक्यावरचं वाचन

सिंदेवाहीच्या वाचनालयातलं हे तिसरं.
ड्रॅगन दीड पानात अख्खं रान जाळतो
अन् पुढच्याच प्रकरणात हिरवळ!
मी समासात पेन्सिलीनं लिहिलं,
जाळरेषा कुठाय? राख कोणी उपसली?
कन्नाकेकाका म्हणाले, पुस्तक सरकारी आहे, बाई.

त्याआधीचं प्रेमाचं.
राजपुत्राला घामच येत नाही,
तिच्या मनातलं न विचारता ओळखतो.
हसले मी.
इथं बॅरिअर उचलावं म्हणून
तीनदा हॉर्न मारतात.

पण दोनशे बाराव्या पानावर
तो तिचे चिखलानं भरलेले बूट
दाराशी नीट जोडून ठेवतो,
बोलत काही नाही.

तिथं थांबले.
बाहेर पहाटेचा मोह टपटपत होता,
बांबूचा ट्रक उभा,
ड्रायव्हर हॉर्न न मारता
माझे डोळे पुसून व्हायची वाट बघत.

पास मात्र मी दोनदा तपासला.