हवेचे आकडे

मोत्याला पाणी असतं म्हणतात.
मोतीडोंगराला नव्हतं.
चाळीस रुपये पिंप, तेही खालच्या वळणापर्यंतच;
पुढे कळशी, कंबर
आणि टँकरवाल्या मिंगेलची मर्जी.

आता घरोघरी मीटर आहेत. मी वाचतो ते.
महिन्याच्या सात तारखेला आकेकडून चढत,
खिशात टॉर्च, हातात मशीन,
काचेवरची लाल माती अंगठ्याने पुसून
आकडे घेतो.
खालच्या घरांत चार युनिट, पाच, साडेतीन.
कासीमबीकडे सहा; मुलगी बाळंतपणाला आलीय.

आणि सगळ्यात वर, जिथे पाइप संपतो,
निंगव्वा एकटी.
एक घागर, दोन बादल्या, डालडाच्या डब्यात तुळस.
अकरा!

गळती नाही. गुडघ्यावर बसून बघितलं मी.
चोरून विकतेस का, हेही विचारलं.
तंबाखूची चिमूट गालात सरकवून ती म्हणाली,
"उद्या पाचला ये. कान घेऊन ये."

गेलो.
पोदेराचा भोंपू अजून खालच्या रस्त्यावर,
डोंगरभर नळ बंद,
बायका दारात, हात चावीवर.
कोणी बोलत नव्हतं.
फक्त निंगव्वाचा नळ उघडा,
आणि त्यातून रात्रभर पाइपात कोंडलेली हवा
खोकत, फुसफुसत, शीळ घालत बाहेर.
मीटरचा काटा गरागरा.
थेंब नाही.
हवा मोजत होता, शहाणा.

मग तांबूस गुळणी. मग पाणी.
निंगव्वाने चमच्याने डबा वाजवला
आणि खाली एकेक चावी फिरत गेली,
उतारावरून, थेट मशिदीच्या भिंतीपर्यंत.

"वारं चढून वरच येतं ना," ती म्हणाली,
"मग सगळ्यांचं माझ्याच नळातून जाऊ दे."
बिल आलं की घरटी सात रुपये
कासीमबी पदरात गोळा करून आणते.
"मिंगेलकडून गाळसुद्धा विकत घेतला रे आम्ही.
त्यापेक्षा हवा स्वस्त."

माझ्या मशीनमध्ये शेऱ्याला तीनच रकाने:
घर बंद. काच फुटकी. कुत्रा.
कुत्रा दाबला की त्या महिन्याला
किमान आकार लागतो.

निंगव्वाकडे कुत्रा नाही.
चार महिने झाले,
माझ्या नोंदीत तो भुंकतोय.