एकाच पायाचा जोडा

रावीचच्या रेल्वेफाटकाला लागून माझं दुकान.
पाटी अजून वडलांच्याच नावाची:
बोगुमिल पिरेक, वेल्डिंगची कामं.
आत फळीवर सतरा जोडे.
जोडे म्हणायचं आपलं,
सगळे डाव्या पायाचे.

उजव्याला इथे कुणी विचारत नाही.
तो बसून असतो आपल्या दांडीवर.
डावा तेवढा खाली उतरतो
वळणावर, लाल चुऱ्यात,
मागचं चाक पुढच्याला मागे टाकू बघतं तेव्हा.
चार फेऱ्या, चौघेजण, एक मिनिट.
सगळी वळणं डावीकडे.
मोटारसायकलला एक सिलिंडर, एक गिअर,
आणि ब्रेक नाही.

ब्रेक का नाही, असं शाळेची पोरं विचारायची.
वडील म्हणायचे, असता तर कुणीतरी दाबला असता,
आणि मागचे तिघे त्याच्या पाठीवर.
मेथॅनॉलचंही तेच सांगायचे:
जळतं, पण दिसत नाही.
त्यांच्या मनगटावर वीतभर कातडी
केसाशिवाय, चकचकीत.
त्यांनी हात घातला तेव्हा
समोर नुसती हवा थरथरत होती.

क्सावेरी मार्चमध्ये येतो.
जोडा वर्तमानपत्रात बांधलेला,
जणू बाजारातून मासळी आणली.
मी उलटा करते, दिव्याखाली धरते.
सहा वर्षं वाचतेय हा तळ.
चवड्याच्या आतल्या कडेला झीज, पातळ, सरळ,
पाय टेकला न टेकला आणि उचलला,
असा चालवायचा तो.

यंदा झीज टाचेत आहे.
खोल. बशीसारखी.
वळण यायच्या आधीच पाय खाली,
वळण संपलं तरी खालीच.

सप्टेंबरात मी कुंपणाशीच उभी होते.
तिसरं वळण.
मोटारसायकल एकीकडे, तो दुसरीकडे,
मनगटाची दोरी सुटली, इंजिन गप्प,
आणि तरीही मागचं चाक फिरत राहिलेलं वर,
कुणासाठी कोण जाणे.
तो स्वतःच्या पायांनी उठला. टाळ्या पडल्या.
उठला म्हणजे झालं, असं लोकांना वाटतं.

"या खेपेला जरा जड कर," तो म्हणाला
खिडकीबाहेर मालगाडीचे डबे मोजत.
आजवर कुणी जड मागितला नव्हता.
सगळ्यांना हलका हवा, अजून हलका,
नाहीच घातल्यासारखा.
बावीस, तेवीस. मी काही बोलले नाही.
त्यानेही गाडी संपेपर्यंत मान वळवली नाही.

रात्री मुखवटा खाली ओढला.
चवड्यावर कठीण धातूचा एक थर दिला असता,
तर तो पुन्हा तिथेच टेकला असता का?
वडलांनी दिला असता.
झीज म्हणजे वाईट सवय, म्हणायचे,
लोखंडाने मोडायची.
मी टाचेवर दोन थर चढवले.
भ्यालेल्या माणसालाही जमीन लागतेच.

एप्रिलचा पहिला रविवार.
एरंडेलाचा जळका वास, गळ्यात मफलर,
सूर्यफुलाच्या बिया सोलणाऱ्या म्हाताऱ्या,
ट्रॅक्टर माती सारखी करून गेला.
क्सावेरीचं हेल्मेट पांढरं, जागा बाहेरची, चौथी.
फिती वर उडाल्या.
बाकी सगळे पहिल्या नंबराकडे बघत होते.
मी एका पायाकडे.
तो खाली आला. लवकर आला.
राहिला.
पहिली फेरी. दुसरी.
तिसऱ्या फेरीत, त्याच वळणावर,
क्षणभर, माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही,
पण टाच सुटली आणि कड टेकली.
मग पुन्हा टाच.

तिसरा आला. एक गुण.
चेहऱ्यावर माती, फक्त चष्म्याची जागा कोरी.
पिटच्या काँक्रीटवरून माझ्याकडे चालत आला:
खण्, मग काही नाही,
खण्, मग काही नाही.
माझ्यासमोर थांबला, खांबाला धरून
डावा पाय मागे उचलून दाखवला,
नालबंदापुढे घोडा उचलतो तसा.

लोखंड अजून गरम होतं.