सतरावं नाव

हलमध्ये, मिसेस ब्लेनकिनच्या घरी
माझ्या खोलीच्या वर क्लिफ स्टॅथर राहायचा.
तेवीस वर्षांचा. दिवसा गोदीवर माशांच्या पेट्या मोजायचा,
रात्री टाइपरायटर बडवायचा.
रेडिओवाले विनोदाला मिनिटाच्या हिशेबानं पैसे द्यायचे;
त्याचे बहुतेक अकरा सेकंदांचे.

रात्रपाळीहून परतले की
तो जिन्यातच गाठायचा, हातात कागद, अंगाला हेरिंगचा वास.
"नर्सबाई, एवढं ऐका."
ऐकायची. हसू यायचं नाही.
दोष माझ्या इंग्रजीचा, असं समजून मी गप्प,
विनोदाचा समजून तो.

गुरुवारी आम्ही सगळे स्वयंपाकघरात, रेडिओभोवती.
शेवटी नावं वाचली, भराभरा,
सतरावं त्याचं,
आणि नेमकी किटलीनं शिट्टी मारली.
"झालं का वाचून?" मालकीणबाई म्हणाल्या.
तो इतका हसला की ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

कादंबरी मात्र कुणाला दाखवली नाही.
पलंगाखाली, बुटांच्या खोक्यात असायची.
तीनदा लंडनला नांदायला गेली,
तीनदा माहेरी आली,
दर खेपेला कडा जरा जास्त मळलेल्या.
चौथ्यांदा आली नाही.

पुस्तक हाती पडलं तेव्हा मी लीड्सला होते.
एक्केचाळिसाव्या पानावर एक परदेशी नर्स आहे,
विनोद संपून
दोन पायऱ्या चढून गेल्यावर हसणारी.

मी तशी कधीच हसले नव्हते.

बसमध्ये हसले.
माझा स्टॉप मागे गेला होता.