शिरोरेखा

तळहातावर लिहिताना शिरोरेखा द्यायची नाही,
हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं.
"वेळ जातो. आणि गुदगुल्या होतात."
तेव्हापासून रत्नप्रभा नाखवांच्या उजव्या हातात
मी उघडी अक्षरं ठेवत आलेय, छप्पर नसलेली,
चेंदणी कोळीवाड्यात, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे खाडीचा वास
बेल न वाजवता आत येतो.

सातव्या वर्षी कान गेले.
डॉक्टर तापाला दोष देत राहिले.
मग डोळे, एकोणिसाव्यापर्यंत, हळूहळू,
"बाजार उठतो तसे. आधी कडेच्या टोपल्या,
मग मधल्या."

पाटीवर त्या उजवीकडून डावीकडे टोचतात,
कागद उलटून डावीकडून वाचतात.
चार पुस्तकं अशी पाठीकडून लिहिली.
दुसऱ्यात होतं : खाडीचा रंग उकळून उकळून कडू झालेल्या चहाचा.
संपादकांनी समासात विचारलं, बाईंना रंग कसा कळला?
मी प्रश्न हातावर उतरवला.
त्या हसल्या, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल इतक्या.
"कळव त्यांना, एकोणीस वर्षं पाहिलीय मी.
तुम्ही किती पाहिलीत?"

सत्काराला मी त्यांच्या पाठीवर
दहा बोटांनी टाळ्या वाजवल्या.
"पुरे. एवढी माणसं नसणार."
नव्हतीच. तीन रांगा,
आणि मागे थेट बाजारातून आलेल्या
त्यांच्या दोघी बहिणी, हातांना लिंबू चोळून.
अध्यक्ष बोलत होते.
"काय म्हणतायत?"
मी लिहिलं : अंधारातला दीप.
त्यांनी हात काढून घेतला
आणि पदराला पुसला.

काल चौथ्याची छापील प्रत आली.
पानावरून त्यांनी बोटं फिरवली,
एकदा, पुन्हा एकदा.
"गुळगुळीत. यात मी कुठाय?"
मी मधलंच एक पान उघडलं,
त्यांचंच वाक्य त्यांच्या हातात ठेवू लागले :
आई जाळं विणायची आणि मी गाठी
"थांब."
मूठ मिटली.
"'आणि' माझा नाही."

माझा होता. मुद्रितात घातलेला,
वाक्य जरा सुटं वाटलं म्हणून.
पंख्याखाली पानं फडफडत राहिली.
"पुढच्या आवृत्तीत काढ," त्या म्हणाल्या,
आणि सुरमई काय भावाने चालूय ते विचारलं.

जिन्यात दिवा नव्हता.
माझ्याच तळव्यावर मी लिहून पाहिलं :
आई जाळं विणायची, मी गाठी मोजायचे.
बरोबर होतं त्यांचं.