कपाट क्रमांक चार

एकतीस वर्षं या कपाटाच्या चिठ्ठ्या मी लिहितोय.
अक्षर बरं म्हणून. बाकी काही नाही.
फॉर्मॅलिनमध्ये हिरवा रंग टिकत नाही,
चिमूटभर मोरचूद टाकावं लागतं.
हे कुणी सांगितलं नव्हतं,
रंग जाताना बघितला म्हणून कळलं.

जूनमध्ये फडतरे मॅडम म्हणाल्या,
शेडगे, मधली फळी मोकळी करा.
हिरवं शेवाळ म्हणून जे एका रांगेत उभं केलंय
ते एक घर नव्हेच.
दोन घरं आहेत. फार जुनी वाटणी,
आत्ता कुठे कागद सापडलेत.

मग व्हॉल्व्हॉक्स, क्लॅडोफोरा, जाळीदार हायड्रोडिक्टिऑन
डावीकडे.
स्पायरोगायरा, कंबर आवळलेलं कॉस्मेरियम,
चंद्रकोरीसारखं क्लोस्टेरियम, आणि कारा
उजवीकडे.
नॉस्टॉक तर केव्हाच उठून गेलं जिवाणूंच्या पंगतीला,
त्याच्या बरणीखालचा गोल डाग
अजून फळीवर आहे.

आणि ही उजवीकडची मंडळी, मॅडम म्हणाल्या,
डावीकडच्यांना जेवढी जवळची
त्याहून जवळची त्या तिथल्या गवताला.
मी खिडकीबाहेर बघितलं.
गवतावर पोरांनी सायकली आडव्या टाकल्या होत्या.

क्लॅडोफोराची बरणी तडकलेली,
नवा नमुना हवा म्हणून एसटीने वडूथला गेलो.
तिथल्या बारवेत अनशाक्का
यात्रेआधी पायऱ्या घासते.
खराटा, बादली, आणि पाण्यात कोपरापर्यंत हात.
बघत नाही. गप्पा मारते आणि बोटांनी निवडते.
"ह्ये राठ. ह्यानं तांब्या लख्ख निघतो.
ह्ये बुळबुळीत, ह्याच्यावरनं गेल्या साली गुरव पडला.
ह्याला लसणाचा वास, अंगाला चुना,
म्हशी तोंड लावत न्हाईत."
दगडावर तीन ढीग.
तिन्ही ढिगांतलं थोडं थोडं मी बाटल्यांत भरलं,
चिठ्ठीवर नुसतं लिहिलं: राठ. बुळबुळीत. लसूण.

साताऱ्याला आलो तर लाइट गेलेली.
सूक्ष्मदर्शकाचा आरसा खिडकीकडे वळवला.
राठ ते क्लॅडोफोरा, फांद्यांवर फांद्या.
बुळबुळीत ते स्पायरोगायरा,
आत हिरव्या फितीची फिरकी, वेढ्यावर वेढा.
लसूण म्हणजे कारा.
एकदाही चुकली नव्हती.
फक्त तिचे ढीग तीन, मॅडमची घरं दोन,
आणि माझं कपाट एकच.

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. काम नव्हतं तसं.
म्हटलं अनशाक्का, हे बुळबुळीत आणि हे लसणीचं
एका रक्ताचं निघालं. गवताच्या भावकीतलं.
ती हसली नाही.
"मग ह्ये पाण्याभायेर का न्हाई आलं?"
काही आलं, म्हटलं. त्याचंच पुढं गवत झालं, बाभळ झाली,
तुझ्या बांधावरचा आंबा झाला.
"आन् ह्ये?"
हे राहिलं.
थोडा वेळ तिने खराटा तसाच धरला.
मग बुळबुळीत ढिगातली एक मूठ उचलून
परत पाण्यात सोडली,
आणि बाकीचं बादलीत भरून
नेहमीसारखं नारळाच्या बुंध्याला टाकायला गेली.

सप्टेंबरात मी सुटतो.
फळ्या लावून झाल्यात, मधे एक वीत जागा ठेवून.
एक बरणी मात्र कुठेच बसत नाही,
कास, दक्षिण काठ, सालाचा आकडा पुसलेला,
आत बोटभर हिरवा धूर.
मॅडमनी दोनदा बघितली, दोनदा झाकण लावलं.
ती मी त्या वीतभर जागेत ठेवली आहे.

यंदा सगळ्या चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहिल्या.
शाई फॉर्मॅलिनमध्ये उतरते, शिसं उतरत नाही.
मॅडमना वाटलं,
पुढे खोडता यावं म्हणून.
तसंही असेल.