आऊच

गंगाखेडच्या बाजारात खैरूनबी बांगड्या भरते.
तिला मनगट आधी ओळखू येतं, माणूस नंतर.
मूठ चेपून, अंगठा आत दुमडून
ती काच हाडावरून सरकवते
आणि नेमकं अंगठ्याच्या गाठीशी
बाया बोलतात.

कोणी अगं माय. कोणी अम्मा.
इसादची एक म्हातारी नुसतं स्स करायची,
तापल्या तव्यावर पाणी पडावं तसं.
नवऱ्याचं नाव तिथं कुणी घेत नाही,
चाळीस वर्षांत एकदाही नाही.

परवा नर्सिंगची पोरगी आली, भावाच्या लग्नासाठी.
गाठीशी म्हणाली, आऊच.
खैरूनबीचा हात थांबला.
"ह्ये कुठलं वं? तुमच्या गावचं?"

मी शेजारी, वह्या-पेनांच्या दुकानात.
जाडा कोश काढला, कसर झाडली.
अमेरिकेत गेलेल्या जर्मनांच्या तोंडचं असावं,
नक्की कुणालाच ठाऊक नाही.
खाली बारीक टायपात एक मेलेला शब्द,
अगदी तसाच लिहिलेला:
आऊच म्हणजे दागिना,
खडा बसवायचं कोंदण.
त्याच्या पुढ्यातला न
बोलता बोलता निसटला
आणि शेजारच्या शब्दाला जाऊन चिकटला.

मी मोठ्यानं वाचत होतो.
तेवढ्यात खैरूनबीनं उरलेल्या दोन चढवल्या.
पोरगी ऐकत राहिली, ओरडायचं विसरली.

"दागिनाच की मंग," खैरूनबी म्हणाली,
"दुखंल न्हाई तर काय."
पिचलेली एक काच डब्यात टाकली.
"डझनाचे साठ. सुट्टे दे, माय."