विटकरी मीठ

रात्री पावणेतीनला डेपोचा फोन येतो:
उणे तीन, शांतवन, निघ.
सुवार्ता झोपेतच म्हणते, मफलर.
मी अंधारात बूट शोधतो आणि
बुटांशीच पुटपुटतो सकाळची प्रार्थना,
कारण गुडघे टेकायला वेळ नसतो
आणि गुडघेही आता पूर्वीचे नाहीत.

हॅलिफॅक्सचा प्रत्येक रस्ता एक तर चढ, नाहीतर उतार.
सपाट फक्त कबरस्तान, असं टेरी म्हणतो.
तेही खरं नाही. मी पाहिलंय.

माझ्या पाठीशी नऊ टन मीठ,
विटकरी, ओलसर, खड्यांचं,
चेशरच्या खाणीतलं.
तिथे म्हणे कधीकाळी समुद्र होता.
आटला, आणि अंधारात थांबून राहिला
एक दिवस कुणाच्या तरी पायाखाली पडायला.

जालन्याला आई ताटात सगळ्यात आधी मीठ वाढायची,
वरच्या कडेला, चिमूटभर.
मग डोळे मिटून उपकारस्तुती, मग भाकरी.
मला वाटे, देव त्या चिमटीएवढाच असावा:
वाढला नाही तर लगेच कळतं,
वाढला तर कुणी काही बोलत नाही.

इथे येताना एजंटाने
थंडी कमी सांगितली होती आणि पगार जास्त.
पहिले दोन हिवाळे मी प्रभूकडे
हिशेब मागितला, अगदी पावतीसकट.
तिसऱ्यात दावीद गेला, माझा धाकटा भाऊ.
तिकिटाला पैसे नव्हते. फोनवर
मातीचा आवाज ऐकला, ढेकळं पडताना,
आणि त्याच रात्री उणे पाच.

निघालो. दुसरं काय करणार?
क्वीन्सबरीच्या चढावर गाडीखाली
मीठ तडतडत होतं, कढईत मोहरी तडतडावी तसं,
आणि मी रडत होतो, आणि वायपर
उगाचच चालू होते.
मीठ बर्फाशी भांडत नाही.
नुसतं जवळ जाऊन बसतं.
बर्फाला आठवतं मग, आपण पाणी आहोत.

परतीच्या फेरीत, सहाच्या सुमाराला,
तोच उतार काळा, ओला, चकचकीत.
एक मुलगी सायकलवरून चाललेली,
पिवळं जाकीट, तोंडात टोस्टचा तुकडा,
दोन्ही हात सोडून!
तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.
कुणी घसरलं नाही,
ही बातमी कधी छापून येत नाही.

दुःख गेलं नाही. अजूनही डिसेंबरात येतं,
शेजारच्या सीटवर बसतं, पट्टा लावतं.
पण त्याच्या मागे नऊ टन काहीतरी असतं
ज्याला मी सुख म्हणत नाही,
कारण सुख मी पाहिलंय, ते हलकं असतं.

रविवारी चॅपेलमध्ये आम्ही अकरा माणसं
आणि एक हीटर, तोही मनात आलं तर चालणारा.
दुकानातल्या पावाचे चौकोनी तुकडे,
काळ्या मनुकांचा रस पेल्यात.
माझ्या बुटांनी गालिच्यावर पांढरे ठसे उमटतात,
थेट वेदीपर्यंत, आणि परत.
ब्याऐंशी वर्षांच्या डोरीनबाई ते सोमवारी झाडतात.
माफी मागायला गेलो तर म्हणाल्या,
राहू दे रे, कुणीतरी येऊन गेलं हे कळतं.
पाळकबाईंनी एकदा मिठावर उपदेश केला
तेव्हा दहाच्या दहा जणांनी
माना वळवून माझ्याकडे पाहिलं. मी कानापर्यंत लाल.

आज घरी पोचलो तर साडेसात.
सुवार्ताने अंडी परतलेली, कोथिंबीर घालून,
खिडकीवर वाफ, तिच्यावर कुणाच्या तरी बोटाने
काढलेलं अर्धं तोंड.
मी डोळे मिटतो, आईसारखाच, थोडक्यात.
पहिला घास घेतो आणि म्हणतो,
मीठ कमी आहे गं.
ती काही बोलत नाही.
माझ्या भुवयांकडे बोट दाखवते
आणि हसते, इतकी, की ताट हलतं.